राख आणि एक्स-रे

पन्नासच्या दशकात वर्ध्याजवळच्या एका छोट्या प्रयोगशाळेत आम्ही दोघे हंगामी साहाय्यक होतो. कमी चुन्याच्या, म्हणजे कमी कॅल्शियमच्या, आहारावर ठेवलेल्या पांढऱ्या उंदरांची हाडे किती विरळ होतात, ते मोजायचे काम होते. कायम जागा एकच मंजूर झाली होती. ज्याची पद्धत प्रयोगशाळा पुढे वापरील त्याला ती मिळेल, असे साहेबांनी सांगितले होते.

माझी पद्धत राखेची. उंदराच्या मांडीचे हाड साफ करायचे, चरबी ईथरने काढायची, वाळवून तोलायचे, मुशीत घालून भट्टीत जाळायचे आणि उरलेली पांढरी राख पुन्हा तोलायची. राख जितकी जास्त, तितके हाड भरीव. वादाला जागा नव्हती.

दुसरा साहाय्यक रोहणा गावचा, भाजी पिकवणाऱ्या शेतकऱ्याचा मुलगा. त्याची पद्धत एक्स-रेची. ॲल्युमिनियमचे पत्रे एकावर एक चढवून त्याने पायऱ्यांची एक पट्टी भांडेवाल्याकडून करून घेतली होती. हाड आणि पट्टी एकाच फिल्मवर घ्यायची आणि हाडाचा पांढरेपणा कोणत्या पायरीशी जुळतो ते पाहायचे. मला ते फोटोग्राफरचे काम वाटे. साहेब त्याच्या फिल्म खिडकीशी धरून न्याहाळत. राख कोणी खिडकीशी नेत नाही.

तुलना करायची ठरली. हाड आधी त्याच्याकडे, मग माझ्याकडे, कारण जळलेले हाड परत येत नाही. म्हणजे निकाल माझ्या तराजूवर लागणार होता. एवढ्या काळजीने मी पूर्वी कधी काम केले नव्हते. मूस निवेपर्यंत तिच्याजवळून हलत नसे. तो चुकावा, आणि त्यात माझ्या हाताचा दोष कोणाला काढता येऊ नये, एवढेच मला हवे होते.

आकडे जुळले. ज्या हाडांची राख कमी भरली, तीच त्याच्या फिल्मवर काळपट होती.

साहेब उंदीर मारायच्या दिवशी प्रयोगशाळेत पाऊल टाकत नसत. त्यांनी दोघांचे आकडे शेजारी ठेवून वाचले आणि म्हणाले, फोटोवर भरवसा ठेवता येतो हे राखेने दाखवले. मग आता उंदीर मारायचेच कशाला? जिवंत उंदराचा फोटो घेऊ, महिन्याने त्याच उंदराचा पुन्हा. माझे काम सैल असते, तर त्याच्या पद्धतीवर शंका तरी उरली असती.

जागा त्याला मिळाली. व्हरांड्यात मला गाठून तो म्हणाला, "राग नको मानू भाऊ. तुह्या राखेनंच मले पास केलं." तो मनापासून बोलत होता. कुचेष्टा असती तर सोपे गेले असते.

माझा महिना संपायचा होता. फोटोसाठी दिलेली गुंगी उतरली की उंदीर हलत आणि फोटो बिघडे. एका दुपारी त्याने निरोप धाडला, "धराले येजो, उंदीर हालून राह्यला." मी गेलो आणि धरला. फोटो स्वच्छ आला. उंदराच्या मांडीशेजारी माझ्या दोन बोटांची हाडे उमटली होती.

"तुहं हाड पक्कं आहे गड्या," तो हसून म्हणाला. "पण बोटं कापा लागतीन."

त्याने कात्री घेतली, पट्टीला धक्का न लावता माझी बोटे कापून काढली आणि उंदराची फिल्म पाकिटात घातली.