काटा हलला नाही

माझी शाळा चौथीत सुटली, पण वजनातलं मला कुणी शिकवू नये. सांगलीकडून दिल्लीला आलो ते सोनं गाळायला. करोल बागेत चाळीस वर्षं भट्टीपुढं बसलो. मधेच सोन्याचा बाजार खुला झाला, नवी नवी दुकानं निघाली, भट्टी विझेनाशी झाली. मुलानं गुडगावला सातव्या मजल्यावर फ्लॅट घेतला आणि त्याच वर्षी माझ्या घशात कॅन्सर निघाला.

डॉक्टरांनी मशीनचा, किरणांचा शेक सांगितला, सात आठवडे. शेक म्हटल्यावर मला हुरूपच आला. हे तर आपलंच काम. सोनं मुशीत घालून तापवलं की हीण जळतं, वजन घटतं, खाली राहतं ते चोख. दर सोमवारी दवाखान्यात माझं वजन उतरलेलं दिसलं की मी खूश. गिळताना घशात निखारा अडकल्यासारखं व्हायचं, म्हणून जेवण जवळजवळ सोडलंच. बायको वाटी घेऊन मागं.

"अहो, दोन घास तरी."

"मळ जळतोय, जळू दे."

"एवढा मळ होता? मग मी नांदले कुणाबरोबर?"

चौथ्या सोमवारी आहाराच्या मॅडम, माझ्या नातीच्या वयाची पोरगी, म्हणाल्या की नाकातून पोटापर्यंत नळी घालू. मी म्हटलं, "नाक से हाथी खाता है, मैं नहीं."

डॉक्टर म्हणाले, "बाबूजी, वजन और गिरा तो सिकाई रोकनी पड़ेगी."

शेक थांबला म्हणजे गाठ आत तशीच. तरी मी त्यांना माझा भट्टीचा कायदा ऐकवला. डॉक्टर हसले. ती पोरगी हसली नाही. तिनं माझी बाही वर सारली. दंडावरचा ताईत, जो तेल लावूनही निघत नसे, तो घसरून मनगटाशी येऊन थांबला.

"मैल नहीं जा रहा बाबूजी, मांस जा रहा है. बीमारी अंदर से खा रही है, और आप ऊपर से कुछ देते नहीं."

चाळीस वर्षांत गिऱ्हाइकाचं गुंजभर सोनं मी हिणाबरोबर जाऊ दिलं नव्हतं. आणि इथं अख्खा दंड घालवून मी खुशीत होतो. म्हटलं, "डालो नली."

त्या दिवसापासून घरात नवीच भट्टी लागली. बायको दूध, अंडं, डाळीचं पाणी गाळून आणायची आणि नळीच्या तोंडाशी धरायची. पहिल्याच दिवशी तिनं भसकन ओतलं. नळीमुळं मला बोलता येईना, पण ओतणं हा माझा धंदा. तिचं मनगट धरून दाखवलं: धार बारीक, हात स्थिर, मध्ये थांबायचं नाही.

"आता मलाही कारागीर करा," ती म्हणाली.

दिवसातून सहा वेळा ओतणं. पुढच्या सोमवारी काट्यावर चढलो तेव्हा छाती अशी धडधडत होती की वाटलं, त्यानंच काटा हलेल. पोरीनं वाकून पाहिलं, मीही पाहिलं. मागच्या सोमवारी होता तिथंच. गुंजभर कमी नाही. आयुष्यात काटा न हलल्याचा एवढा आनंद मला कधी झाला नव्हता. बायकोनं बाहेरूनच हातानं विचारलं, काय? मी मूठ घट्ट मिटून दाखवली: धरलंय, सुटलं नाही.

डॉक्टर म्हणाले, "चलो बाबूजी, सिकाई चालू रहेगी."

मी ताईत दंडावर चढवला, सुटू नये म्हणून दोऱ्याला गाठ मारली आणि मशीनच्या खोलीकडे निघालो. व्हीलचेअर आणली होती. परत पाठवली.