घरची जागवण

माझ्या कादंबरीतल्या राज्यात सूर्य उगवत नाही. डोंगराच्या पोटात एक भट्टी आहे. तिच्या उजेडावर सगळं शहर जगतं, आणि ती विझू नये म्हणून तिचे रखवालदार सात-सात दिवस झोपत नाहीत. त्यांच्या गालात जागवण असते. जागवण म्हणजे एका जांभळ्या मुळीचा कीस, राखेत घोळून मळलेला. ती तोंडात धरली की डोळे लख्ख उघडतात, अंगात बळ येतं. नसली की माणूस घामेजतो, चिडतो आणि घरच्यांच्या अंगावर धावून जातो.

वाचणारे म्हणतात, बाईंची कल्पनाशक्ती भारी. कसली डोंबलाची कल्पनाशक्ती! नवरा खापरखेड्याच्या वीज केंद्रात बॉयलरवर होता. तिथल्या कॉलनीत आम्ही बावीस वर्षं काढली. दोरीवरचे कपडे राख झटकून घडी करायचे, आणि भिजवण्याआधी त्याच्या खिशातली खर्र्याची प्लास्टिकची पन्नी काढायची, एवढाच माझा अभ्यास. मुळीच्या जागी सुपारी आणि तंबाखू ठेवा, राखेच्या जागी चुना. जागवण तयार. आता त्याच नवऱ्याचं तोंड मिटत चाललं आहे, आणि त्यात माझाही हात आहे, म्हणून हे लिहिते आहे. समोर मी त्याला अहो-जाहोच करते. कागदावर तेवढी अरे-तुरे करायची सोय आहे, ती मी सोडत नाही.

कादंबरीचा पहिला वाचक तोच. पानं हातात घेऊन तो पलंगावर आडवा व्हायचा आणि चुका काढायचा.

"असं कचाकचा चावत नाही वं कोणी. गालात दाबून ठेवतेत. मंग हळूहळू रस सुटते."

"मग काय होतं?"

"मंग काही नाही. बरं वाटते."

मी ते लगेच लिहून घ्यायची. कुणी आपल्या गावची वाट सांगावी तशा हौसेनं तो सांगायचा. तेवढ्यापुरतं आम्हा दोघांनाही छान वाटायचं, हे कबूल करते.

तो निवृत्त झाला आणि आम्ही नागपुरात मनीषनगरला फ्लॅटमध्ये आलो. मला वाटलं होतं, शिफ्ट सुटली की खर्राही सुटेल. आता कोणती भट्टी सांभाळायला जागायचं होतं? पण शिफ्ट सुटली आणि खर्रा वाढला. इमारतीच्या खालीच पानठेला. सकाळी दूध आणायला गेलेला माणूस पाऊण तासानं यायचा, एक गाल फुगवून, "हूं हूं" करत. मी भांडले, रुसले, पन्न्या कचऱ्यात टाकल्या. शेवटी थकले. आणि थकल्यावर माणूस जसा शहाणपणा करतो, तसा मी केला. म्हटलं, खायचाच आहे ना, तर घरचा खा.

आमच्याकडे बाहेरच्या प्रत्येक गोष्टीवर हाच इलाज. बाहेरचं तेल वाईट, बाहेरचा मसाला वाईट, घरी केलं की सगळं पचतं. ठेल्यावरची सुपारी सडकी, चुना वारेमाप. इतवारीच्या बाजारातून मी चांगली सुपारी आणली, निवडली, चुना गाळून घेतला. तंबाखू ठेलेवाल्यापेक्षा कमी टाकायचा, दिवसाला दोनच करून द्यायचे, असं ठरवलं. पन्नीत सगळं घालायचं, पाटावर ठेवायचं आणि तळव्यानं घोटत राहायचं. पन्नी गरम होते, आतला ऐवज ओलसर होऊन काळपट पडतो. पहिल्या दिवशी त्यानं तोंडात टाकला आणि डोळे मिटले.

"ठेल्यावाल्याले बी नाही जमत असा," तो म्हणाला. तीस वर्षांत माझ्या कोणत्याही भाजीला असं बक्षीस मिळालं नव्हतं.

आता चुना बरोबर पडला की नाही, हे कसं कळणार? भाजीतलं मीठ चाखतो तशी मी चिमूटभर चाखायची. चाखून थुंकायची. मग एकदा थुंकायची राहिली, कारण मी लिहीत होते आणि लिहिणं झरझर चाललं होतं. पुढे चिमटीशिवाय कागद समोर घ्यावासाच वाटेना. दोनाचे चार कधी झाले, त्यातले त्याचे किती आणि माझे किती, हे आम्ही दोघांनी एकमेकांना कधी विचारलं नाही. पण घरी खर्रा मिळतो म्हणून तो ठेल्यावर जायचा थांबला होता, असंही नाही.

त्याच काळात मी रखवालदाराच्या सुटकेचं प्रकरण लिहिलं. तो जागवणीची थैली नदीत फेकतो, तीन दिवस तळमळतो आणि चौथ्या दिवशी हसत उठतो. नवऱ्यानं वाचलं, पानं उलटून पाहिली.

"दीड पानात सुटली? लई सोपं हाय वं तुह्या राज्यात."

मला राग आला. ते प्रकरण मी गाल भरलेला असताना लिहिलं होतं, हे त्यालाही माहीत होतं आणि मलाही.

मग एका रविवारी त्यानं पोह्यांवर तर्री घेतली नाही. नागपूरच्या माणसानं तर्री नको म्हटलं की घरात चौकशी व्हायलाच हवी. तोंडात आग होते म्हणाला. मी घास पाहत राहिले. तो चमचा आडवा करून, ओठ ताणून आत सरकवत होता. किती दिवस असं चाललं होतं कोण जाणे. मी रोज समोर बसून जेवत होते आणि मला दिसलं नव्हतं.

धंतोलीतल्या दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी त्याला तीन बोटं उभी जोडून तोंडात घालायला सांगितली. दीड गेलं. आतली कातडी सुपारीनं कडक झाली आहे, त्या म्हणाल्या. झालं ते पूर्ववत होणार नाही, पण आज सोडलं तर निदान इथवर थांबेल. नाही सोडलं तर पुढे चमचाही जाणार नाही, आणि कॅन्सरची भीती वेगळी.

"दिवसाला किती?"

"दोनच होते जी," नवरा म्हणाला.

मला असा संताप आला! इतकं ऐकूनही हा माणूस खोटं बोलतो. तोंड उघडून खरा आकडा सांगणार, तेवढ्यात बाईंनी माझ्याकडे पाहिलं.

"आणि ताई, तुम्ही खाता का काही?"

"नाही," मी म्हटलं. "मी नाही."

किती सहज निघालं! नवऱ्यानं माझ्याकडे पाहिलं आणि मग भिंतीवरच्या दातांच्या चित्राकडे पाहत बसला. त्यानं मला उघडं पाडलं नाही. मी मात्र त्याला पाडायला निघाले होते.

घरी आल्यावर पाट, पन्न्या, सुपारीचा डबा सगळं कचऱ्यात टाकायचं म्हणून मी सरळ स्वयंपाकघरात गेले. डबा उघडला. सकाळी घोटलेला थोडा खर्रा त्यात उरला होता. एवढा संपला की टाकू, असं मनाशी म्हणेपर्यंत तो माझ्या गालात होता. मला माझीच शिसारी आली, आणि त्याच वेळी बरंही वाटलं.

नवरा दारात उभा होता.

"डॉक्टरीणनं सांगतलं तसं तू टाकून पाह्य ना," तो म्हणाला. आपली तीन बोटं त्यानं जोडून दाखवली.

मी मान हलवली. तोंड उघडलं नाही.

"थुकून ये," तो म्हणाला, अगदी हळू. "मी उभा हावो इथंच."

मी बेसिनपाशी गेले, थुंकले, चूळ भरली. मग त्याच्यासमोर उभी राहून बोटं जोडली आणि तोंड उघडलं. दोन गेली. तिसरं दातांवर अडलं. मी जोर लावला, डोळ्यांतून पाणी आलं, तरी जाईना.

त्यानं माझा हात धरून खाली घेतला.

"माहं बी पहिले तिथंच अडलं होतं," तो म्हणाला.