दीड हात अंतर

कुणाच्याही पायावर शेकाचा दिवा लावण्याआधी तायडेदादा आपलं मनगट त्याखाली धरत आणि मनातल्या मनात शंभरपर्यंत मोजत. "आंदी मले लागू द्या, मंग तुमाले," असं रोग्याला सांगत. मी अमरावतीच्या एका दवाखान्यात नवीन नर्स म्हणून लागले, तेव्हा शेकाची खोली त्यांच्याकडे होती. हुद्दा वॉर्डबॉयचा, पण त्या लाल दिव्याला दुसऱ्या कुणी हात लावलेला त्यांना खपत नसे.

डॉक्टर म्हणत, शेकानं आखडलेला सांधा मोकळा होतो एवढंच, हाड काही जुळत नाही. दादांना ते पटायचं नाही. "उजेड हाडापर्यंत जाते सिस्टरबाई, पण सावकाश जाते. त्याले घाई केली का कातडीवरच अडकते." दिवा आणि पाय यांत दीड हात अंतर, हा त्यांचा नेम. ते कोपरापासून बोटांपर्यंत हात लावून मोजत.

वलगावची कोंडाबाई भाजी विकायची. तिची नडगी मोडली होती. प्लास्टर काढल्यावर ती रोज शेकाला यायची. तिच्या पायाची कातडी बधिर झालेली होती, म्हणून दादा तिच्यापासून हलत नसत. एक दिवस त्यांना ऑफिसात सहीला बोलावलं. "नुसतं बसा, दिव्याले हात लावू नका," असं मला सांगून ते गेले.

बाहेर रांग वाढत होती. मला वाटलं, दिवा जवळ घेतला तर लवकर आटपेल. पेच सैल करून मी तो खाली ओढला. उजेड लागू नये म्हणून कोंडाबाईच्या डोळ्यांवर ओला फडका होता. दादांची पावलं वाजली तसा मी दिवा पुन्हा वर सरकवला. संध्याकाळी तिच्या पायावर फोड आले. पुढे ते चिघळले आणि ती बाई कित्येक आठवडे खाटेवर पडून राहिली.

दादांनी मला एकदाच विचारलं, "सिस्टरबाई, दिवा तुमी खाली केला काय?"

"नाही," मी म्हणाले.

ते बराच वेळ आपल्या हाताकडे पाहत राहिले. "मंग माह्याच मोजण्यात चूक झाली असन."

चौकशीत माझा शब्द कुणी तपासलाच नाही. दादांच्या घरी बुद्धाची तसबीर आहे हे दवाखान्यात सगळ्यांना ठाऊक होतं, आणि माझं आडनाव काय आहे हेही. त्यांची बदली दूर जंगलात, धारणीला झाली.

सात-आठ वर्षांनी देवी टोचण्याच्या कामावर जीपनं मी धारणीला गेले. तिथल्या दवाखान्यात दादा एका नव्या नर्सला मलमपट्टी करायला सांगत होते. स्वतः बाजूला उभे होते. "माह्या हाताचा भरोसा नाई," ते तिला म्हणाले. "या हातानं एका बाईचा पाय जाळला हाये."

ती नर्स गेल्यावर मी त्यांना खरं सांगितलं. ते ओरडले नाहीत, की जाऊ द्या असंही म्हणाले नाहीत. बाकावर बसले. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून त्यांनी विचारलं, "कोंडाबाईले सांगतलं काय?"

इतक्या वर्षांत माझ्या मनात यायचे ते फक्त दादा. त्या बाईची आठवणही मी काढली नव्हती.

परतल्यावर मी वलगावला गेले. घरी सून होती. "जाऊन दोन वर्सं झाली," ती म्हणाली. "पुन्हा पडली होती. कमरेचं हाड मोडलं. आमी लय म्हटलं, दवाखान्यात चल. नाई म्हणे, तिथं भाजतात. पडल्यापडल्याच गेली." मग तिनं माझ्यापुढं पाण्याचा तांब्या ठेवला. "तुमी कोन?"

या वेळी मी काहीच लपवलं नाही. तिनं सगळं ऐकून घेतलं, तांब्या उचलला आणि आत गेली. मी ओट्यावर बराच वेळ बसले होते. ती बाहेर आली नाही.