हातभर ऑइलपेंट

देवमनकाका गेल्याचा फोन आला तेव्हा मी यवतमाळच्या एसटी स्टँडवर जुनी मंदिरं जपण्याची पत्रकं वाटत होते. रडू यायच्या आधी हसूच आलं... आमची ओळखच मुळी पत्रकावरून झालेली, आणि ते पत्रक त्यांच्याविरुद्ध होतं.

घाटंजीजवळच्या आमच्या गावात महादेवाचं हेमाडपंती मंदिर आहे, सात-आठ शतकं जुनं. नवस फेडायचा म्हणजे रंगाचा डबा द्यायचा, ही गावची रीत. शिवरात्रीआधी पेंटर देवमनकाका तो काळ्या दगडावर मारणार, तोही फुकट. 'दगडाला लिपस्टिक फासणारे हात ओळखा!' असं मी छापलं, खाली त्यांचं नाव. दुसऱ्या दिवशी काका पत्रक घेऊन दारात. "काहून वो बाई, रंग म्याच मारला, कबूल. पन काढाचा कसा, ते यात कुठी लिवलं?"

लिहिणार काय? मलाच माहीत नव्हतं. इकडे मंदिर समिती अडून बसलेली : शिवरात्रीपर्यंत एक तरी खांब बघण्यासारखा करून दाखवा, नाहीतर आणून ठेवलेल्या टाइल्स खांबांना बसवतो! मी ऐटीत ग्राइंडर आणला. काका खांबाला पाठ लावून उभे. "देवाची कातडी सोलतं काय? ने वापस!" मग जाणकारांना विचारून रंग फुगवणारा लेप लावला आणि काका बांबूच्या चिपेनं एकेक थर उकलत बसले. तोंडाची टकळी चालूच. "हा गुलाबी सुमनच्या पोराचा. हा निळा मारोतीच्या नोकरीचा. अन् हा हिरवा... माह्या पोरीचा." शिवरात्रीला खांबावरची हंसांची रांग उघडी पडली, बायका बोट लावून हंस मोजत बसल्या, आणि टाइल्स दुकानात परत गेल्या.

पुढच्या दोन उन्हाळ्यांत सगळे खांब मोकळे झाले. फक्त मागच्या खांबाच्या तळाशी काकांनी हातभर रंग ठेवला. मी भांड भांड भांडले. "राहू दे वो. तुया दगडाचा इतिहास, अन् आमचे नवस काय भंगार हायेत?" मी हातातली चीप खाली ठेवली.

आता काका गेल्यावर समितीला स्वच्छतेचा असा काही उत्साह चढलाय की तो हातभर तुकडाही खरवडायचा म्हणतात. म्हणून नवं पत्रक काढलंय : 'खबरदार, ऑइलपेंटला हात लावाल तर!' परवा ते त्या खांबाशीच बसून लिहिलं, गुलाबी, निळ्या, हिरव्या थरांवर बोट फिरवत. खाली नाव याही वेळी देवमनकाकांचंच टाकलंय.