झटका टिपणारी आई

"सरका बाजूले. उजीड येऊन नाही राहिला."

पोटची सात-आठ वर्षांची पोर मिरगीच्या झटक्याने जमिनीवर थरथरत असताना ही बाई मोबाइल समोर धरून असे म्हणे. तुम्ही तिथे असता, तर आम्हा नवेगाव बांधच्या शेजाऱ्यांप्रमाणे तिला निर्दयच म्हटले असते.

"पोरगी तडफडून राहिली अन् तू पिच्चर काढून राहिली?" सासरे ओरडत. "चप्पल सुंगव ना तिले!"

"चपलेनं जात असती, मामाजी, तं कवाचीच गेली असती. गावात कोनाची चप्पल राहिली सुंगायची?"

एका हाताने ती मुलीला कुशीवर वळवी. दुसऱ्या हातातला मोबाइल हलू देत नसे. नागपूरच्या डॉक्टरांनी तसे सांगितले होते. झटका दर वेळी डाव्या हाताच्या बोटांपासून सुरू होतो, हे त्या चित्रणात दिसले. तपासणीत झटका उठणारी मेंदूतली जागाही सापडली. दोन औषधे हरली होती. अशा मुलांना पूर्वी वर्षानुवर्षे गोळ्यांवरच ठेवीत. आता डॉक्टर शस्त्रक्रियेचा विचार लवकर करतात. मात्र डावा हात अधू होण्याचा धोका होता.

"तुम्ही मास्तर आहा, आपरेशन नको करू म्हनून समजवा तिले," म्हणून सासऱ्यांनी मला पाठवले. ती मासे साफ करीत होती. मी एवढेच विचारले, "हात गेला तर?"

तिने मान वर केली नाही. "हाताले शिकवीन, गुरुजी. पोरगीच रोज थोडी थोडी जाऊन राहिली. काल शिकलेलं आज भुलते. तिले कुठून आनू?"

मी परतलो आणि सासऱ्यांना म्हणालो, "नागपूरला तिच्यासोबत जा."

मुलगी मुंडलेल्या डोक्याने आणि ढिल्या पडलेल्या डाव्या हाताने घरी आली. बायका हळहळल्या. आईने त्यांना दारातच थांबवले. "रडाचं असन तं घरी जाऊन रडा. आमाले काम हाय."

काम म्हणजे डाव्या हाताने झिंगे निवडणे. मुलगी चिडे, टोपली लाथाडी. आई सांडलेले झिंगे गोळा करून टोपली पुन्हा पुढे ठेवी. धानकापणी आटोपली, तेव्हा त्या बोटांत झिंगा टिकू लागला होता. गोळ्या चालू होत्या. झटका आला नव्हता.

यंदा मुलीच्या शाळेसाठी ती गोंदियाला राहायला गेली. इतकी वर्षे एसटीत ती मुलीला छातीशी आवळून बसे. त्या दिवशी तिने तिला खिडकीशी एकटीला बसवले आणि स्वतः दोन बाके मागे गेली.

"जवळ बस ना तिच्या!" सासरे खालून ओरडले.

ती हलली नाही. बस सुटली, तेव्हा समोरच्या बाकाची दांडी तिने दोन्ही हातांनी गच्च धरलेली मला दिसली.