वॉटर पार्कात पाणी न पिता

मे महिन्यात भोकरहून लातूरकडे जायचं तर ऊन चढायच्या आत निघावं, हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. तरी मी आदल्या संध्याकाळी वहीच्या पानावर वेळापत्रक लिहून फ्रिजवर चिकटवलं. चारला उठणे, पाचपर्यंत आंघोळी, साडेपाचला गाडीत बसणे, दहाच्या आत वॉटर पार्कच्या दारात. हिमायतनगरजवळच्या एका खेड्यात मी शाळेत शिकवते. एका शिट्टीत पोरं रांगेत उभी करायची सवय लागली की घरातल्या माणसांनाही आपण शिट्टी मारायला लागतो आणि ते आपल्या लक्षातही येत नाही.

आम्ही चौघं निघणार होतो. मी, नवरा शिवराज, नऊ वर्षांची ईश्वरी आणि सासूबाई. सासूबाईंना मी आत्याबाई म्हणते. खरं सांगायचं तर त्यांना बोलावणं शिवराजच्या आग्रहाने झालं. त्या उदगीरकडच्या, अडुसष्ट वर्षांच्या. माहेरचं कन्नड अजून तोंडात येतं, चालणं हळू आणि प्रत्येक कामाला त्यांची स्वतःची वेळ लागते. मला नेमकी त्याचीच चीड येते.

त्यातही सकाळची पूजा. आम्ही लिंगायत. आत्याबाईंच्या गळ्यात चांदीच्या डबीत इष्टलिंग असतं. आंघोळ झाली की ते डाव्या तळहातावर घेऊन विभूती लावायची, पाणी घालायचं, जप करायचा, ते तीर्थ घ्यायचं आणि मगच पाण्याचा पहिला घोट. अर्धा तास जातो. माझं स्वतःचं इष्टलिंग देवघरातल्या खुंटीला आहे. शाळेच्या गडबडीत ते तिथेच राहिलं, हे मी गेली काही वर्षं सांगत आले आहे.

साडेपाच वाजून गेले तरी आत्याबाई बाहेर आल्या नव्हत्या. मी गाडीत बसून हॉर्न वाजवला. मग परत वाजवला. तिसऱ्यांदा जरा लांब वाजवला. तेव्हा त्या पदर सावरत, एक छोटी कापडी पिशवी काखेत धरून आल्या आणि मागे बसल्या. मी म्हणाले, "चला, दहाच मिनिटं उशीर." पूजा झाली का, हे मी विचारलं नाही.

नांदेड ओलांडेपर्यंत हवा बरी होती. लोह्याच्या पुढे काळं रान उघडं पडलेलं, नांगरून ठेवलेली ढेकळं आणि मधूनच एखादं लिंबाचं झाड. आठ वाजताच खिडकीची काच हाताला गरम लागायला लागली. अहमदपूरला एका हॉटेलात सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला नाश्ता) खाल्ली. वर भरपूर दाण्याचं कूट, बाजूला तळलेली मिरची. आत्याबाईंनी ताटली पुढे सरकवली.

"मला नको. गाडीत पोटात ढवळायलंय," त्या म्हणाल्या.

"चहा तरी घ्या."

"न्हाई. तुमी खावा."

मला वाटलं, बरं झालं, वाटेत थांबावं लागणार नाही. हे आता लिहिताना मला माझीच लाज वाटते.

चाकूर मागे टाकलं आणि पार्कच्या अलीकडेच गाड्यांची रांग लागली. नांदेड, परभणी, बिदरकडच्या गाड्या, दोन टेम्पोभर वऱ्हाडी वाटावेत असे लोक. पार्किंग म्हणजे मोकळं रान, सावलीला एक झाड नाही. तिथून दारापर्यंत चालत आणि मग तिकिटाची रांग. वर पत्र्याची शेड होती, पण पत्रा असा तापला होता की शेडबाहेर उभं राहणं बरं वाटावं. आम्ही तासभर उभे होतो. पुढे एकाने मधेच घुसायचा प्रयत्न केला तेव्हा मी त्याला चारचौघांत झापलं. बायका हसल्या, मला बरं वाटलं. रांगेत ईश्वरीची बाटली संपली तेव्हा आत्याबाईंनी आपली न फोडलेली बाटली तिला दिली. दारावरच्या माणसाने उरलेलं खाणं-पाणी काढून ठेवायला लावलं.

आत गेल्यावर मी कामाला लागले. लॉकर घेतला, सगळ्या पिशव्या कोंबल्या, त्यात काखेतली ती कापडी पिशवीही आत्याबाईंच्या हातून घेऊन टाकली. त्या "अगं, ती..." म्हणाल्या. मी म्हणाले, "इथं चोऱ्या होतात, आत असू दे." चावी रबरी पट्ट्यात होती, ती शिवराजने मनगटात घातली. पोहण्याचे कपडे भाड्याने मिळतात तिथे सलमाआपा नावाच्या बाई बसल्या होत्या, पन्नाशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेला. त्यांनी ईश्वरीला मापाचा ड्रेस शोधून दिला. आत्याबाईंना आम्ही समोरच्या शेडमध्ये बाकावर बसवलं.

लाटांच्या तलावात पाणी कमी आणि माणसं जास्त. लाट आली की पन्नास जण एकमेकांच्या अंगावर. भोंग्यावर गाणी, मधेच हरवलेल्या पोरांची नावं. तलावाबाहेरची फरशी अशी तापली होती की पोरं टाचांवर उड्या मारत पळत होती. साडेबाराच्या सुमारास ईश्वरीने सगळ्यात उंच घसरगुंडीचा हट्ट धरला. शिवराज तिला घेऊन रांगेला गेला आणि मी शेडकडे आले.

आत्याबाई बाकावर एका बाजूला कलल्या होत्या. मला वाटलं डोळा लागला. हात लावला तर अंग भाजत होतं आणि घामाचा थेंब नव्हता. ओठांना कोरड पडून सालं निघालेली.

मी धावत जाऊन पाण्याची बाटली आणली आणि तोंडाशी धरली. त्यांनी मान फिरवली.

"बेडा (नको)," त्या पुटपुटल्या. "नीरु बेडा (पाणी नको)."

"असं काय करता? प्या आधी."

"पूजा व्हायची हाय गं."

मला आधी काही कळेना. मग सकाळपासूनचं सगळं एकदम कळलं. सुशीलाची ताटली, न फोडलेली बाटली, काखेतली पिशवी. रात्री जेवल्यानंतर या बाईच्या पोटात पाण्याचा थेंब गेला नव्हता आणि आम्ही तिला भर उन्हात तासभर रांगेत उभं केलं होतं.

भीती वाटली की मी रागावते. तशीच रागावले. म्हणाले, "देव काय म्हणणार आहे का, मर म्हणून? एक दिवस मोडला नेम तर काय होईल?" मी बाटली त्यांच्या ओठांना लावून तिरकी केली. त्यांनी ओठ गच्च मिटले. पाणी हनुवटीवरून पदरावर सांडलं. आजूबाजूच्या बायका बघायला लागल्या. एकाने प्रथमोपचाराच्या खोलीतला माणूस बोलावला. त्याने नाडी धरली, डोळे पाहिले आणि म्हणाला, "बाई, ऊन लागलंय यांना. अंग थंड करा आन् पाणी जाऊ द्या पोटात, न्हाईतर अवघड हाय." तो दवाखान्याची गाडी मिळते का बघायला फोन घेऊन बाहेर गेला.

सलमाआपा कधी काउंटर सोडून आल्या होत्या मला कळलं नाही. त्यांनी माझ्या हातातली बाटली काढून घेतली.

"झगडून पाणी पोटात जात न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "रोज्यात माझी सास पण अशीच. पूजा करू द्या न त्यांना. किती वेळ लागतो?"

"अर्धा तास."

"तर अर्धा तास बोलण्यातच गेला की. चला, उचला."

काउंटरमागे धुतलेल्या कपड्यांची खोली होती. तिथे कूलर चालू होता. आम्ही दोघींनी आत्याबाईंना तिथे नेऊन आडवं केलं. आपांनी ओले टॉवेल त्यांच्या मानेवर, काखेत, पायांवर ठेवले आणि त्यावर परत पाणी शिंपडायला लागल्या. आत्याबाईंनी डोळे न उघडता विचारलं, "पिशवी?"

पिशवी लॉकरमध्ये. चावी शिवराजच्या मनगटात. आणि शिवराज त्या उंच मनोऱ्याच्या जिन्यावर कुठेतरी.

मी धावले. तापलेल्या फरशीवर अनवाणी. जिना लोखंडी, दोन माणसं जेमतेम मावतील एवढा, आणि खालपासून वरपर्यंत ओल्या माणसांनी भरलेला. मी कडेने अंग चोरून चार पायऱ्या चढले तोच एका बाईने हात आडवा घातला.

"ओ ताई, लाइन हाय इथं."

"माझ्या सासूला ऊन लागलंय. चावी वर आहे माझ्या नवऱ्याकडे."

"सगळ्यायलाच ऊन लागायलंय," वरून कुणीतरी म्हणालं आणि चार जण हसले.

सकाळी मी ज्याला झापलं होतं तो माणूस आठवला. त्याचीही काही अडचण असेल का, हे मी विचारलंच नव्हतं. "शिवराज, भोकरचा," एवढंच मी म्हणाले. मग मी सगळ्या लोकांसमोर रडायला लागले. मी शाळेत कधी रडत नाही.

त्या बाईचा हात खाली आला. तिने माझ्याकडे नीट पाहिलं आणि मग वर तोंड करून अशी हाक दिली की भोंग्यावरचं गाणं मागे पडलं.

"ओ, वर शिवराज कोन हाय का? भोकरचा शिवराज. त्याच्या आईला बरं न्हाई. चावी खाली धाड म्हनावं."

हाक तोंडातोंडी वर गेली. थोड्या वेळाने अगदी वरच्या टप्प्यावरून शिवराजचा चेहरा डोकावला. गर्दीतून खाली उतरायला त्याला वेळ लागला असता. त्याने मनगटातली चावी काढून खालच्याच्या हातात दिली आणि ती हातोहात खाली यायला लागली. पायऱ्यांच्या लोखंडी पट्ट्यांत बोटभर फटी होत्या आणि खाली घसरगुंडीचं वाहतं पाणी. एकाच्या ओल्या हातातून चावी निसटली. खालच्याने ती छातीशी दाबून धरली. मी एकेक हात बघत होते. माझ्या हातात आली तेव्हा पट्टा इतक्या लोकांच्या मुठींनी कोमट झाला होता.

लॉकर उघडला, पिशवी घेतली आणि खोलीत आले. आपांनी दार लावून घेतलं आणि स्वतः बाहेर उभ्या राहिल्या. आत्याबाईंना मी भिंतीला टेकवून बसवलं. पिशवीत विभूतीची डबी, छोटा तांब्या, बेलाची पानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली. घरून निघताना त्यांनी ती ओली करून घेतली होती. म्हणजे पार्कात पोचल्यावर कुठेतरी कोपऱ्यात बसून पूजा करायचं त्यांनी सकाळीच ठरवलं होतं.

मी तांब्यात बाटलीतलं पाणी ओतलं. त्यांनी गळ्यातली डबी उघडून इष्टलिंग तळहातावर घेतलं. हात इतका थरथरत होता की ते पडेल असं वाटलं. मी माझा तळहात त्यांच्या हाताखाली धरला. विभूती लावली, बेल वाहिला, ओठ हलायला लागले. बाहेर गाणं, किंकाळ्या, काउंटरवर कुणीतरी आपांशी मापावरून भांडत होतं. मी मनात म्हणत होते, लवकर आटपा, लवकर आटपा. आणि त्याच वेळी तो हात हलू नये म्हणून जिवाचा आटापिटा करत होते. रोजचा अर्धा तास नव्हे, पाचच मिनिटं झाली असतील, पण मला तासासारखी वाटली. त्यांनी तांब्यातलं पाणी लिंगावर घातलं, तळहातातलं तीर्थ ओठांना लावलं आणि गिळलं.

मग स्वतःच बाटलीकडे हात केला.

एक घोट, थोडं थांबून दुसरा. आपांनी मीठ-साखर घातलेलं लिंबूपाणी आणून दिलं. शिवराज आणि ईश्वरी पोचले तेव्हा आत्याबाईंच्या कपाळावर घाम आला होता. घाम बघून इतका आनंद मला आयुष्यात कधी झाला नसेल. निघताना मी आपांचे हात धरले. त्या म्हणाल्या, "आता त्यांच्या पूजेला न्हाई म्हणू नका, हाव म्हणा, बास." आणि पुढच्या गिऱ्हाइकाला माप विचारायला लागल्या.

दवाखान्याची गाडी मिळालीच नाही, म्हणून आमच्याच गाडीने चाकूरला नेऊन दवाखान्यात सलाइन लावलं. डॉक्टरांनी आम्हाला चांगलंच फैलावर घेतलं आणि आम्ही ते खाली मान घालून ऐकलं. ऊन उतरल्यावर परत निघालो. ईश्वरी पुढे बसून झोपली. मी मागे आत्याबाईंजवळ होते.

"माझ्यापायी पोरीची घसरगुंडी राहिली," त्या म्हणाल्या. "तीन मान्संच ऱ्हायली होती म्हने पुढं."

"ते जाऊ द्या. सकाळी सांगितलं का नाही तुम्ही? अर्धा तास थांबलो असतो."

"तू हार्न वाजवायलीस," त्या म्हणाल्या. आवाजात राग नव्हता. "लग्न झाल्यापासून पहिल्यांदा कुठं चला म्हनलीस. मी थांब म्हनले असते, तर परत न्हाई बोलावलं असतंस."

बोलावलं असतं, असं म्हणायला मी तोंड उघडलं. पण त्यांचं खरं होतं, आणि ते आम्हा दोघींना माहीत होतं. मी त्यांचा हात धरला. लोह्यापर्यंत तो तसाच होता.

घरी आल्यावर फ्रिजवरचा कागद काढून टाकला. दिवाळीच्या सुट्टीत परत जायचं ठरलं आहे, ईश्वरीची घसरगुंडी बाकी आहे आणि आपांना साडी द्यायची आहे. नवं वेळापत्रक मी लिहून ठेवलंय. सवय जात नाही. पहिल्या ओळीत आत्याबाईंची पूजा आहे आणि तिच्यापुढे वेळ लिहिलेली नाही.