धारवाडची सीडी

आधीच सांगून टाकते — मी सॉफ्टवेअर टेस्टर आहे. कुणी "आपोआप झालं" म्हटलं की माझं ठरलेलं उत्तर असतं, "परत करून दाखव." माहेरी पुण्यात कुणाच्या अंगात आल्याच्या गोष्टी सुरू झाल्या की मी उठून स्वयंपाकघरात जायचे, कारण मला तिथे बसून हसू आवरायचं नाही. अशा अनुभवांच्या या सदरात माझं लिखाण बघून माझा नवरा प्रसन्नच आधी खो खो हसला असता. पण त्या दुपारी तोही त्याच टेबलाशी उभा होता, त्यामुळे आता हसत नाही...

आम्ही बनशंकरीला राहतो, सेकंड स्टेजला, दुसऱ्या मजल्यावर. प्रसन्नचं घराणं तीन पिढ्यांपासून बेंगळूरूत. त्यामुळे घरातलं मराठी असं, की निम्मं मला लग्नानंतर शिकावं लागलं. थोडं म्हणजे "स्वल्प", ठीक म्हणजे "सरी", नको म्हणजे "बेडा", आणि नणंद म्हणजे अक्का. या सुधाअक्का धारवाडला असतात.

माझ्या सासूबाई पाळणे म्हणायच्या. बसवनगुडीपासून मारतहळ्ळीपर्यंत कुठल्याही मराठी घरात बारसं असलं की आईंना बोलावणं यायचं. विशेषतः ती नागपूर-पुण्याहून नोकरीला आलेली जोडपी, ज्यांच्या घरात मोठं माणूस नसतं. आई बाळाचं नाव, आत्याचं नाव, आजोळचं गाव आधी विचारून घ्यायच्या आणि ते सगळं पाळण्यात असं गुंफायच्या की जणू तो पाळणा त्या बाळासाठीच पूर्वीपासून होता. मी त्यांना गाडीतून न्यायचे, आणायचे. "ही कोण, मुलगी का?" असं कुणी विचारलं की त्या म्हणायच्या, "मला दोन मुली. एक धारवाडला, एक ही वैशाली."

मी हे वाक्य खरं धरून चालले. त्यांच्या हाताला आणि आवाजालाही कंप सुटला, तेव्हा मारतहळ्ळीच्या ऑफिसातलं टीम सांभाळायचं काम सोडलं आणि घरून करता येईल असं बारीकसारीक काम घेतलं. त्यात कुणावर उपकार नव्हते. आईचं करतो तसं केलं.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी. काही वर्षांपूर्वी मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी आई अक्कांकडे धारवाडला राहिल्या होत्या. परत आल्या तेव्हा मी स्टेशनवर आणायला गेले. रिक्षात बसल्यावर त्यांनी माझा हात हातात घेतला आणि म्हणाल्या, "सुटले गं बाई. माझ्या घरी आले." डोळ्यांवर ऑपरेशननंतरचा तो मोठा काळा चष्मा होता. त्या गेल्यानंतर वर्षभर मला सर्वात जास्त आठवलं असेल तर ते हेच वाक्य.

तर — त्यांच्या वर्षश्राद्धाला काही करावं म्हणून त्यांच्या भजनी मंडळानेच सुचवलं, पाळण्यांच्या सीडी करून सगळ्यांना द्या. आता तुम्ही म्हणाल, सीडी? या काळात? पण मंडळातल्या बायका सत्तरीच्या पुढच्या. फोनवर पाठवलेलं गाणं सुप्रभातच्या फुलांमध्ये हरवून जातं. सीडी प्लेअर मात्र प्रत्येकीकडे अजून आहे आणि तो लावता येतो.

मी फोनवर केलेली रेकॉर्डिंग होती, पण त्यात मिक्सर, कुकर, रडणारी बाळं. नीट रेकॉर्डिंग एकच होतं. आई धारवाडला असताना अक्कांच्या यजमानांनी ओळखीच्या एका माणसाला मशीन घेऊन घरी बोलावलं होतं आणि एक सीडी बनवून घेतली होती. ती अक्कांनी कुरिअरने पाठवली. आमच्या लॅपटॉपला सीडी घालायची जागाच नाही, म्हणून बाहेरून जोडायचा ड्राइव्ह आणला, सीडीच्या प्रती काढायचं बर्निंगचं सॉफ्टवेअर टाकलं, सीडी आत सरकवली.

सॉफ्टवेअर म्हणे, ड्राइव्हच नाही.

ड्राइव्हचा दिवा लागलाय. आत सीडी घरघरतेय. आणि यादीत ड्राइव्हच्या जागी रिकामी चौकट. मला रागच आला. केबल बदलली. पोर्ट बदलला. सॉफ्टवेअर अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवलं, काढून टाकलं, परत घातलं. ड्रायव्हर उडवून नवा घेतला. एका फोरमवर कुणीतरी लिहिलं होतं की जुन्या बर्निंग सॉफ्टवेअरच्या उरलेल्या नोंदी ड्राइव्हला झाकून टाकतात, त्या रजिस्ट्रीतून पुसा. त्याही शोधून पुसल्या. दुसरं सॉफ्टवेअर आणलं, तेही तसंच. शेवटी प्रसन्नचा लॅपटॉप घेतला... तिथेही तेच. दोन-तीन दुपारी माझ्या यातच गेल्या.

ऑफिसातल्या मंजूला फोन केला — इकडे हे पुरुषाचं नाव. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, आत सीडी आहे का? ती काढून बघितलंय का?

नव्हतं बघितलं! इतकी वर्षं टेस्टिंग करून एवढी साधी गोष्ट मी केली नव्हती. सीडी काढली, आणि ड्राइव्ह यादीत हजर. कोरी सीडी घातली, हजर. एक जुना सिनेमा घातला, हजर. फोनमधलं एक रेकॉर्डिंग कोऱ्या सीडीवर घेऊनही बघितलं, ते पण सरळ झालं. धारवाडची सीडी घातली की मात्र ड्राइव्ह गायब. म्हटलं, चला, प्रश्न मिटला, सीडीच खराब आहे. अक्कांना तसं कळवलं.

अक्का वर्षश्राद्धासाठी आल्या आणि चहा पितापिताच म्हणाल्या, "खराब कशी असेल? आमच्याकडे चालत होती की. दे इकडं, मी बघते."

अक्कांना ईमेलसुद्धा त्यांचा मुलगा उघडून देतो. मी मनात म्हटलं, बघा. त्यांनी सीडी ठेवली, ट्रे ढकलला, मी सांगितलं तिथे क्लिक केलं.

ड्राइव्ह आला. आतल्या सगळ्या गाण्यांच्या यादीसकट.

"सरी ना?" अक्का म्हणाल्या.

मी खुर्ची ओढून बसले आणि माऊस हातात घेतला. यादी गेली. चौकट रिकामी.

"तू काय केलंस?" प्रसन्नने विचारलं.

"काहीच नाही. माऊसला हात लावला."

मग आम्ही जे केलं ते आता लिहितानाही विचित्र वाटतं. अक्का बसल्या — ड्राइव्ह आला. प्रसन्न बसला — आला. मी बसले — गेला. लहान मुलं संगीतखुर्ची खेळतात तसे आम्ही तिघं भर दुपारी त्या टेबलाभोवती फिरत होतो. मी मुद्दाम माऊसला हात न लावता नुसती खुर्चीत बसले, तरी गेला. प्रसन्नला म्हटलं, "परत करून दाखव," आणि त्याने परत करून दाखवलं. माझं ठेवणीतलं वाक्य माझ्यावरच उलटलं होतं.

अक्का हसून म्हणाल्या, "आईला लेक पाहिजे असेल गं." त्या चेष्टेनेच बोलल्या असतील. पण मला ते लागलं. इतकं लागलं की मी आत जाऊन कणीक मळायला घेतली. बाहेर अक्का एकामागून एक सीडी काढत होत्या आणि प्रत्येक झाली की ड्राइव्हचा ट्रे बाहेर येत होता, तो आवाज मला आत ऐकू येत होता. मशीनवर रागावण्यात अर्थ नसतो हे मला कळतं. पण मी मशीनवर रागावले नव्हते. मी आईंवर रागावले होते. तुमचं अंथरूण मी काढलं, तुमचा घास मी भरवला, आणि आता हे?

त्या रविवारी मंडळाच्या सगळ्या बायका कमलमावशींच्या घरी जमल्या, बसवनगुडीत. कमलमावशी मंडळाच्या पेटीवाल्या आणि आईंची जुनी मैत्रीण. मी प्रत्येकीच्या हातात सीडी दिली. त्या म्हणाल्या, "सून असावी तर अशी," आणि खरं सांगू, मला बरं वाटलं. मग मावशींनी त्यांच्या प्लेअरवर सीडी लावली. माझ्यासाठी तर पहिल्यांदाच, कारण आमच्या घरी ती कधी वाजलीच नव्हती.

आईंचा आवाज इतका स्वच्छ... कंप सुटण्याआधीचा. बायका डोळे पुसत होत्या, काही जणी बरोबरीने म्हणत होत्या. शेवटचा पाळणा संपला. कॉफीचे पेले फिरायला लागले. प्लेअर बंद करायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.

थोडा वेळ नुसती पंख्याची घरघर. मग दार लागल्याचा आवाज, आणि आई बोलायला लागल्या. गाणं नाही, बोलणं. मशीनवाला बहुतेक चहाला बाहेर गेला असावा आणि रेकॉर्डिंग तसंच चालू राहिलं असावं.

"सुधा, मला परत पाठवू नकोस गं. बेडा. इथंच ठेव."

"आई, असं काय करतेस? वैशाली करते ना सगळं?" हा अक्कांचा आवाज.

"करते. सगळं करते. पण ती परकीच गं. तिथं माझं कोणी नाही. पाहुण्यासारखं वाटतं मला. तू स्वल्प बघ की काही..."

"आई, इथं जागा कुठाय? आमचं आम्हाला होत नाही. आणि हे बघ, तिला यातलं काही बोलू नकोस. गोड बोलून राहा."

पुढे थोडं रडणं होतं. मग कमलमावशींनी पेला खाली ठेवून धडपडत प्लेअर बंद केला.

कुणी माझ्याकडे बघत नव्हतं. प्रत्येकीच्या पर्समध्ये ती सीडी होती, मीच वाटलेली.

अक्का भिंतीला टेकून बसल्या होत्या, चेहरा पांढराफटक. मी त्यांना बाहेर पायरीवर गाठलं. "तुम्हाला माहीत होतं?"

"बोललो होतो ते माहीत होतं... ते त्यात आलंय हे माहीत नव्हतं. देवाशपथ, वैशाली. मी कधी शेवटपर्यंत लावलीच नाही. ऐकवत नव्हतं मला."

"आणि मी इतकी वर्षं..." एवढंच मी म्हटलं. रिक्षातलं ते वाक्य आठवलं. सुटले गं बाई, माझ्या घरी आले. काळ्या चष्म्यामागे त्यांचे डोळे कसे होते, ते मी तेव्हा पाहिलंच नव्हतं. त्या गोड बोलत होत्या, लेकीने सांगितलं तसं. आणि मी त्या गोड बोलण्यावर घरच बांधलं होतं.

घरी आल्यावर मी लॅपटॉप उघडला. ड्राइव्ह जोडला. धारवाडची तीच सीडी घातली आणि खुर्चीत बसले.

ड्राइव्ह लगेच आला. सगळी यादी समोर. सगळ्यात खाली, पाळण्यांपेक्षा कितीतरी जास्त लांबीचा तो शेवटचा ट्रॅक.

मी माऊस सोडला, परत धरला. उठले, परत बसले. गेला नाही.

मंजूला मी सगळं सांगितलं, आईंचं बोलणं वगळून. त्याचं म्हणणं, यूएसबीची पॉवर कमी पडत असेल, काही सीड्या जास्त पॉवर खातात. असेल. पण मग अक्का बसल्या की ती पॉवर कुठून यायची, आणि त्या रविवारनंतर एकदम कशी पुरायला लागली? प्रसन्न म्हणतो, योगायोग. पण त्या टेबलाभोवती तोही फिरला होता, त्यामुळे डोळ्याला डोळा देऊन म्हणत नाही. अक्कांशी माझं बोलणं आता सणावारापुरतं उरलंय.

आधी मला वाटलं होतं की आई मला बाहेर ठेवतायत. आता वाटतं, कदाचित त्या ती सीडी माझ्यापासून दडवत होत्या. मी ऐकू नये म्हणून. पण परक्या बाईसाठी कुणी एवढं कशाला करेल? आणि परकी नव्हते, तर मग ते बोलणं कशाला केलं? या दोन प्रश्नांची उत्तरं ज्यांच्याकडे आहेत, त्यांना विचारायची सोय नाही.

राग गेलेला नाही, ते खोटं कशाला सांगू. पण कधीतरी दुपारी घरात कुणी नसलं की मी ती सीडी काढते, ट्रेमध्ये ठेवते आणि स्क्रीनकडे बघत बसते. ड्राइव्ह दर वेळी लगेच दिसतो, एकदाही चुकत नाही. आणि दर वेळी मी मनात म्हणते — आई, एकदा तरी नका दिसू देऊ.